सात नंबरची बिट

कारखान्यात तिला सगळे कल्हईमावशी म्हणत. खरं नाव हजेरीच्या कार्डावर होतं आणि ते तिथेच राहिलं. बाप भांड्यांना कल्हई करायचा. सात-आठ वर्षांची असताना भाता तिच्या हाती असे. तापलेल्या पातेल्यात नवसागर पडला की पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, डोळे चुरचुरायचे, आणि त्या धुरातच बाप कापसाच्या बोळ्याने कथील असं फिरवायचा, की काळं पातेलं बघता बघता आरशासारखं व्हायचं. बाप म्हणायचा, "धातू स्वच्छ असला की कथील आपण होऊन धावतं. घाणीवर बसत नाही ते. माणसांसारखं नाही त्याचं."

तेविसाव्या वर्षी ती कारखान्यात लागली. तिथे विषारी वायूचा इशारा देणाऱ्या डब्या बनत. तळहाताएवढी पांढरी डबी भिंतीवर लावायची. ज्या वायूला ना वास ना रंग, तो खोलीत साठायला लागला की डबी किंचाळायला लागे. लाइनवर चौदा जणी बसत, प्रत्येकीसमोर कथील वितळवून जोड द्यायचं एक सोल्डरिंग आयर्न. मावशीने पंचवीस वर्षं ते आयर्न धरलं. तिने केलेला जोड भिंगाखाली धरला तर थेंबासारखा गुळगुळीत, चकचकीत दिसे. नवीन मुलींना तिचे जोड दाखवायला ठेवले जात. तिला त्याचा अभिमान होता, पण वरून म्हणायची, "अगं, त्यात काय एवढं? पाणी उताराकडे जातं, सोल्डर उष्णतेकडे जातं. आपण नुसतं मधे यायचं नाही."

मग अठ्ठेचाळिसाव्या वर्षी उजवा अंगठा थरथरायला लागला. आधी तिने ते लपवलं. मनगट टेबलाच्या कडेला टेकवायची, डाव्या हाताने उजवा हात धरायची. चार महिने तसे काढले. एक दिवस आयर्नचं टोक घसरून शेजारणीच्या बोटावर गेलं, तेव्हा लपवण्यासारखं काही उरलं नाही. जुने सुपरवायझर भले होते. ते म्हणाले, "मावशी, जोड राहू देत. तुम्ही बिटा सांभाळा." बिट म्हणजे आयर्नच्या पुढचं टोक, जे सोल्डरला टेकतं. हात धुण्याच्या नळापाशी एक लहान टेबल होतं, ते तिला मिळालं. त्यावर एक भिंग, पितळेच्या तारेचा गुंता, नवसागराची वडी आणि एक जाड वही.

लाइनवर कुणाची बिट काळी पडली, सोल्डर धरेनाशी झाली, की मुली तिच्याकडे येत.

"मावशी, माझी मेली."

"मेली नाही, तू उपाशी ठेवलीस. जेवायला जाताना टोकाला सोल्डर लावलं होतंस?"

"विसरले."

"नवरा विसरलीस तर चालेल, हे नाही. तापलेली बिट उघडी ठेवली की हवा तिला खाते. आणि हा स्पंज बघ, नुसता थबथबलाय. ओला नाही, ओलसर हवा. थंड पाण्यात बुचकळलं की तिला चरे पडतात."

असं बोलत बोलत ती टोक नवसागराच्या वडीवर घासायची, वर सोल्डर टेकवायची, आणि काळ्या टोकावर चंदेरी कातडी चढायची. हात थरथरायचा, पण या कामाला तेवढी थरथर चालत होती. रोज संध्याकाळी ती वहीत चौदा ओळी लिहायची: एक नंबर ठीक, दोन नंबर कल्हई केली, तीन नंबर बदलली.

सात नंबरवर तिची धाकटी बहीण होती. दोघींमध्ये अकरा वर्षांचं अंतर. आई गेली तेव्हा धाकटी चार वर्षांची. तिची वेणी घालण्यापासून तिला आयर्न धरायला शिकवण्यापर्यंत सगळं मोठीनेच केलं, आणि त्यात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. धाकटीचं झालं, पण नवरा सोडून गेला. ती मुलीला घेऊन बहिणीच्या दोन खोल्यांत परत आली. तेव्हापासून तिघींची एकच चूल. धाकटीचा हात चांगला होता, म्हणून तिला डबीतलं सगळ्यात जबाबदारीचं काम दिलं होतं. वायू ओळखणाऱ्या सेन्सरचे तीन जाड पाय सर्किटच्या हिरव्या पट्टीवर जोडायचे. ते पाय उष्णता पितात. बिट चांगली नसेल तर तिथे जोड होत नाही, नुसता दिसतो.

जुने सुपरवायझर निवृत्त झाले आणि नवे आले. ते हातात घड्याळ घेऊन लाइनमागे उभे राहत, म्हणून मुलींनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव टोल ठेवलं. त्याच सुमारास सोल्डरही बदललं. शिसं नसलेलं सोल्डर आलं. ते तब्येतीला बरं, पण वितळायला जास्त उष्णता मागे, आणि बिटा त्याच्याखाली निम्म्या दिवसांत झिजत. पूर्वी महिन्याला वीस नव्या बिटा पुरत. आता चाळीस लागायला लागल्या, आणि येत वीसच.

एका सकाळी टोलसाहेब तिच्या टेबलाशी आले.

"मावशी, कानस आहे ना आपल्याकडे?"

"आहे. कशाला?"

"मग बिटा घासा आणि चालवा. वीस मिळतात, वीसच मिळणार."

मावशीने एक बिट भिंगाखाली धरली. "साहेब, पूर्वी नुसत्या तांब्याची बिट असायची, ती घासायचे. ही तशी नाही. आत तांबं, वर लोखंडाचा मुलामा. मुलामा घासला की कथील तांबं खात सुटतं. दोन दिवस नव्या नवरीसारखी चमकेल. तिसऱ्या दिवशी टोकाला खड्डा पडेल."

"मग तिसऱ्या दिवशी पुन्हा घासा."

तिला वाटलं, ते थट्टा करताहेत. ती हसली. ते हसले नाहीत. त्यांनी तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि बघतच राहिले.

"हात अलीकडे जास्तच हलतो का हो तुमचा? डॉक्टरांना दाखवायचं का? नाही म्हणजे, कामाला फिट आहात की नाही, ते कागदावर असलेलं बरं."

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, मावशीचं मिटलं. धाकटीची मुलगी तेव्हा नर्सिंगला होती, दोन वर्षं बाकी होती. त्या दिवशी मावशीने सहा बिटा घासल्या. लोखंडाचा राखाडी थर निघून आतलं लालसर तांबं दिसायला लागलं, तेव्हा तिला कुणाची तरी कातडी सोलल्यासारखं वाटलं. सहांतली एक सात नंबरची होती.

संध्याकाळी वहीत तिने लिहिलं: सात नंबर, कानशीने घासली, टिकणार नाही. चौथ्या दिवशी लिहिलं: सात नंबर, खड्डा, नवी हवी, मिळाली नाही. ते वाक्य पुढे साडेतीन महिने दर तीन-चार दिवसांनी येत राहिलं.

धाकटी एकदा आयर्न हातात घेऊनच तिच्याकडे आली. "ताई, सोल्डर पसरतच नाही. गोळी होऊन बसतं नुसतं."

मावशीने टोक पाहिलं. सुरीने टोकरल्यासारखा खड्डा होता, कडा काळ्या. मागे टोलसाहेबांचं घड्याळ चालू होतं.

"उष्णता वाढव," ती म्हणाली, "आणि थोडं दाबून धर."

धाकटी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. शिकताना याच दोन गोष्टींसाठी ताईने तिच्या बोटांवर पट्टी मारली होती. मग ती जागेवर गेली. संध्याकाळी तपासणीच्या टेबलावर सगळ्या डब्या पास झाल्या. कच्चा जोडही त्या दिवसापुरता चिकटून असतो. तो सुटतो नंतर. भिंत हादरली, उन्हाळा-हिवाळा झाला, की केसाएवढी फट पडते. हे मावशीला ठाऊक होतं. लाइनवर दुसऱ्या कुणाला असेलच असं नाही.

आठ महिन्यांनी एका धुलाईघराच्या तळघरात चार बायका मेल्या. सकाळचे अकरा वाजले होते. त्या चादरी घडी करत होत्या. बाजूच्या खोलीतल्या बॉयलरचं धुराडं तुंबलं आणि तो वायू मागे फिरून तळघरात साठला. त्यांना काही कळलं नसावं, एकीच्या हातात चादरीचं टोक तसंच होतं. भिंतीवर डबी होती. तिचा हिरवा दिवा चालू होता, आणि ती गप्प होती.

बातमी पेपरात आली तेव्हा कारखान्यात कुणी मोठ्याने बोललं नाही. डबीच्या मागे नंबर असतो. दोन दिवसांत कळलं की ती डबी त्यांचीच, त्याच साडेतीन महिन्यांतली. चौघींपैकी एकीचं लग्न ठरलं होतं, असं पेपरात होतं. मावशीने ती ओळ वाचली आणि पेपर घडी करून ठेवला. मग परत उघडून वाचली.

टोलसाहेबांनी तिला ऑफिसात बोलावलं, खुर्चीवर बसवलं. आजवर कधी बसवलं नव्हतं. समोर एक कोरी वही होती.

"सरकारी तपासणी येणार आहे. तुमची वही मागतील. जुन्या वहीत तुम्ही जरा भावनेच्या भरात लिहिलंय. ही नवी घ्या. त्याच तारखा, तेच चौदा नंबर. फक्त नीट लिहा."

"नीट म्हणजे?"

"नीट म्हणजे ठीक."

ती वही घेऊन घरी आली. तिला वाटत होतं, धाकटीला सांगितलं की ती चिडेल, साहेबांना शिव्या घालेल, आणि मग दोघी मिळून काहीतरी ठरवू. धाकटीने वही पाहिली आणि भाजी चिरायची थांबली.

"लिही, ताई."

"काय लिहू?"

"ते म्हणतात ते." तिने विळी बाजूला सारली. "तो जोड माझ्या हातचा आहे. सात नंबर म्हणजे दुसरं कोण? तुझ्या वहीत सात नंबर, सात नंबर, सात नंबर. बिट मेलेली आहे हे माहीत असून मी जोड करत होते, असंच होणार ना त्याचं? पोरीचं एक वर्ष राहिलंय. मला आत टाकलं तर तिने काय करायचं?"

"मीच सांगितलं होतं तुला. दाबून धर म्हणून."

"ते वहीत आहे का?"

ते वहीत नव्हतं.

दोन संध्याकाळी मावशी ओट्याशेजारच्या टेबलावर बसून लिहीत होती. 'ठीक' हा लहान शब्द. थरथरत्या हातालाही जमतो. रोजच्या चौदा ओळी, साडेतीन महिने. मधूनमधून 'कल्हई केली' घालत होती, म्हणजे खरं वाटावं. सफाईने खोटं बोलायला आपल्याला जमतंय, याचं तिला नवल वाटलं. धाकटी तिच्यापुढे चहा ठेवत होती, उचलून नेत होती. तिसऱ्या दिवशी टोलसाहेबांनी नवी वही घेतली, जुनीही घेतली. जुनी पुन्हा कुणाला दिसली नाही.

तपासणीस बाई उंच, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सगळ्यांना एकेक करून बोलावलं. मावशीची पाळी आली तेव्हा टेबलावर नवी वही होती, आणि शेजारी डबीतून काढलेली एक हिरवी पट्टी, कोपऱ्याला काजळी बसलेली. मावशीला आत शिरतानाच कळलं ती कुठली.

"लाइनवर सगळ्या म्हणतात, जोड बघावा तर तुम्ही," बाई म्हणाल्या. "मला या कामातलं फार कळत नाही. हा बघून सांगता का?"

भिंग पुढे केलं. मावशीने पट्टी दोन्ही हातांनी धरली, कोपर टेकवलं आणि डोळा लावला. पाठ करून आलेलं सगळं तिथेच सुटलं. पंचवीस वर्षांची सवय; जोड डोळ्यापुढे आला की तोंड आपोआप चालायचं.

"हा मधला पाय बघा. सोल्डर पायावर चढलंच नाही, बाजूला गोळी होऊन बसलंय. आणि भोवती ही काळी रेघ दिसते ना, फिरत गेलेली? तिथे फट आहे. पाय तापलाच नाही. बिटेच्या टोकाला खड्डा असणार, त्यामुळे टेकतच नव्हती नीट. आणि हा पट्टीचा थर उचललाय बघा, म्हणजे दाबून धरलंय. जास्त उष्णता देऊन दाबलंय. बिट घासलेली होती." ती थांबली. मग म्हणाली, "कानशीने."

बाईंनी वही उघडली. "इथे तर सात नंबर ठीक आहे."

खोलीत पंखा फिरत होता. मावशीने भिंग खाली ठेवलं.

"ही वही मी दोनदा लिहिली," ती म्हणाली. "ही दुसरी."

आणि मग सगळं सांगितलं. कानस, वीस बिटा, साहेबांची खुर्ची. 'दाबून धर' हेही सांगितलं.

पण जुनी वही नव्हती. टोलसाहेबांनी कानांवर हात ठेवले. घासायला त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं, नवी वही कसली ते त्यांना माहीत नव्हतं. कंपनीच्या वकिलाने कागद पुढे केला: या बाईचा हात कापतो, हे तिने लपवलं होतं, एकदा शेजारणीला भाजलंही होतं, बिटा तिनेच बिघडवल्या आणि अंगाशी आल्यावर खोटी वही लिहिली. लाइनवरच्या तेरा जणींना विचारलं. बहुतेकींनी 'माहीत नाही' म्हटलं. धाकटीला विचारलं, साहेबांनी घासायला सांगितल्याचं तुम्ही ऐकलंत?

"नाही," धाकटी म्हणाली. "ताई आपल्या मनानेच करायची."

खापर एकाच डोक्यावर फुटलं. मावशीची नोकरी गेली, तिच्यावर खोट्या नोंदीचा खटला भरला. धाकटीची नोकरी राहिली.

धाकटीची साक्ष झाली त्या दिवशी घरी तिघींनी एकाच ताटलीतली पोळी घेतली. भाची दोघींकडे आळीपाळीने बघत होती.  मावशीला राग आला होता का, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. धाकटीला तिनेच तसं वाढवलं होतं. आधी पोर, मग बाकी सगळं. फक्त तेव्हापासून धाकटी तिला ताई म्हणेनाशी झाली. हाकच मारायची नाही. जवळ येऊन उभी राहायची आणि बोलायला लागायची.

मावशीच्या जबानीने एक गोष्ट मात्र झाली. त्या साडेतीन महिन्यांतल्या सगळ्या डब्या परत मागवल्या गेल्या. सहा हजार चारशे होत्या. आल्या चार हजार नऊशे बारा. लाइनवरच्या मुलींना त्या उघडून सेन्सरचे पाय तपासायला बसवलं. त्यात धाकटीही होती. स्वतःचे जोड ती स्वतःच भिंगाखाली धरत होती. एका संध्याकाळी ती घरी आली, चप्पल न काढताच दारात टेकली आणि म्हणाली, "दोनशे अकरा."

"काय?"

"तसेच. रेघ असलेले. दोनशे अकरा निघाले."

मावशी तांदूळ निवडत होती. तिने ताट बाजूला ठेवलं. "आणि आल्याच नाहीत त्या किती?"

"चौदाशे अठ्ठ्याऐंशी." धाकटी रडायला लागली, तोंडावर ओढणी धरून, आवाज न करता, लहानपणी रडायची तशी. मावशी उठून तिच्याजवळ गेली नाही. तिला जावंसं वाटलं, पण पाय उचलले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मावशी फिरायला लागली. परत मागवल्याची नोटीस पेपरात आतल्या पानावर आली होती. ती कोण वाचतो? मावशी आपली दुकानादुकानांत, शिवणकामाच्या खोल्यांत, भट्ट्यांपाशी जायची. जिथे काही जळतं तिथे अशी डबी असण्याचा संभव. भिंतीकडे बोट दाखवून म्हणायची, "जरा काढून मागचा नंबर बघू देता?" लोकांना वाटायचं, काहीतरी विकायला आलीय. एका बेकरीवाल्याने सांगितलं, "बाई, दिवा लागतोय की! चांगली चालतेय." ती म्हणाली, "दिव्याची वाट वेगळी आहे. दिव्याची वीज त्या पायावरून जात नाही." त्याला ते कळलं नाही. ती पायरीवर बसून राहिली. तासाभराने, गिऱ्हाइकांना अडचण व्हायला लागली म्हणून, त्याने वैतागून डबी काढून तिच्यासमोर आपटली. नंबर त्यातला नव्हता. मावशीने ती हातात धरून नंबर दोनदा पाहिला, मग म्हणाली, "चांगली आहे. लावा परत. माफ करा." आणि पुढच्या दुकानाकडे गेली.

दोन वर्षांत तिला एकतीस सापडल्या. त्यातल्या दोन कच्च्या होत्या. एक रंगाच्या गोदामात, एक शिवणाऱ्या बायकांच्या खोलीत. त्या खोलीत सहा जणी होत्या. मावशीने भिंगातून जोड दाखवला, तेव्हा त्यांनी आळीपाळीने पाहिला, "बरं बरं," म्हणाल्या, आणि एकीने विचारलं, "मावशी, आमच्या मशीनचा दिवा पण लागत नाही, तो बघाल का?"

खटल्याचा निकाल लागला तेव्हा ती नीट उभी राहू शकत नव्हती. खोट्या नोंदीसाठी दोषी. प्रकृती पाहून शिक्षा माफ. टोलसाहेब तोवर दुसऱ्या कारखान्यात वरच्या जागेवर गेले होते. भाची नर्स झाली आणि नोकरीच्या गावी राहायला गेली. घरात दोघीच उरल्या.

थरथर आता दोन्ही हातांत होती, चमचा तोंडापर्यंत पोचत नव्हता. धाकटी कामावरून आल्यावर भात कालवून तिला भरवायची. एकदा भरवताना तिने विचारलं, "डब्या शोधायचा अजून कुठला भाग राहिला होता तुझा?"

मावशीने घास गिळला. "नदीपलीकडचा. सगळाच."

धाकटीने पुढचा घास केला. "मला नाही जमणार," ती म्हणाली. "कुणी विचारलं, तुम्ही कोण, तर मी काय सांगू?"

 मावशीने तोंड उघडलं, आणि धाकटीने घास भरवला.